ग्रंथनोंदींचे संलग्नीकरण आणि प्रकाशकाचे हित : मराठी ग्रंथव्यवहाराच्या संदर्भात

‘जोगवा’ (१९५९) या कवितासंग्रहावर कवीचे नाव आरती प्रभू असे आहे. ‘कोंडुरा’ (१९६६) या कादंबरीवर चिं. त्र्यं. खानोलकर हे नाव आहे. मराठीच्या पदव्युत्तर विद्यार्थ्याला या दोन नावांमागची व्यक्ती एकच आहे हे शिकवावे लागत नाही. परंतु ज्या संगणकीय सूचीत तो ग्रंथ शोधतो त्या सूचीला ते ठाऊक असतेच असे नाही. अक्षरांचा एक क्रम दुसऱ्या क्रमासारखा आहे किंवा नाही, एवढेच तिला कळते. ‘खानोलकर’, ‘चिंतामण त्र्यंबक खानोलकर’, ‘आरती प्रभू’ आणि रोमन लिपीत तीन-चार प्रकारे लिहिलेली हीच नावे तिच्या दृष्टीने वेगवेगळे लेखक ठरतात. राम गणेश गडकरी, गोविंदाग्रज आणि बाळकराम या नावांखाली लिहिणाऱ्या एकाच लेखकाचे तिथे तीन तुकडे होतात.

हा दोष दूर करण्याचा एक मार्ग गेल्या पंचवीस वर्षांत सिद्ध झाला आहे. टिम बर्नर्स-ली, जेम्स हेंडलर आणि ओरा लासिला यांनी २००१ मध्ये ‘सायंटिफिक अमेरिकन’ या मासिकात ‘सेमँटिक वेब’ची, म्हणजे यंत्रालाही अर्थसंबंध वाचता येतील अशा महाजालाची कल्पना मांडली. पुढे २००६ मध्ये बर्नर्स-ली यांनी ‘लिंक्ड डेटा’ या नावाने तिचे व्यावहारिक नियम सांगितले. या लेखात त्यासाठी ‘संलग्न माहिती’ हा शब्द वापरला आहे. नियम साधे आहेत. प्रत्येक वस्तूला, मग ती व्यक्ती असो, ग्रंथ असो वा गाव, महाजालावर स्वतःचा एक कायमचा पत्ता द्यावा. त्या पत्त्यावर गेले असता यंत्राला वाचता येईल अशी माहिती मिळावी. आणि त्या माहितीत इतरांनी दिलेल्या पत्त्यांकडे जाणारे दुवे असावेत. माहितीचे प्रत्येक विधान तीन पदांचे असते. ‘कोंडुरा’ हे पहिले पद, ‘लेखक आहे’ हा संबंध, आणि ‘खानोलकर’ हे तिसरे पद. ‘आरती प्रभू’, ‘टोपणनाव आहे’, ‘खानोलकर’ हे दुसरे विधान. ही दोन विधाने दोन वेगवेगळ्या संस्थांनी केली असली तरी तिसरे पद एकाच पत्त्याने दर्शवलेले असेल, तर ती आपोआप जुळतात. व्याकरण शिकलेल्या वाचकाला यात नवल वाटू नये. उद्देश्य आणि विधेय यांचाच हा खेळ आहे. नवे आहे ते एवढेच की, नाम संदिग्ध राहू द्यायचे नाही.

तंत्र सुलभ आहे आणि ते वापरणाऱ्या संस्थाही आहेत. स्वीडनच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने आपली संयुक्त सूची २००८ मध्ये या रूपात खुली केली, फ्रान्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने २०११ मध्ये. विकिडेटा २०१२ पासून चालू आहे. मात्र ही सर्व उदाहरणे सार्वजनिक संस्थांची वा स्वयंसेवकांची आहेत. ग्रंथाची पहिली, ताजी आणि बहुधा सर्वांत अचूक माहिती ज्याच्याकडे असते तो प्रकाशक या जाळ्यात फारसा दिसत नाही. तो का दिसत नाही, आणि काय केले असता दिसेल, हा खरा प्रश्न आहे. तो तंत्राचा नसून हितसंबंधांचा आहे, आणि तो महाजालाच्या जन्माआधीपासूनचा आहे.

१. सक्तीचा इतिहास

मुंबई इलाख्यातील मराठी ग्रंथांची पद्धतशीर नोंद १८६७ च्या मुद्रणालये व ग्रंथनोंदणी कायद्यामुळे सुरू झाली. या कायद्याच्या अठराव्या कलमाने मागितलेली माहिती आजच्या सूचीकारालाही हेवा वाटावा इतकी तपशीलवार होती. ग्रंथनाम, भाषा, लेखक किंवा भाषांतरकार, विषय, मुद्रणाचे व प्रकाशनाचे स्थळ, मुद्रक व प्रकाशक, प्रकाशनाची तारीख, पृष्ठसंख्या, आकार, आवृत्ती, छापलेल्या प्रतींची संख्या, छापखाना अक्षरजुळणीचा की शिळाप्रेसचा, किंमत आणि स्वामित्व कोणाचे, असे रकाने त्यात होते. या नोंदी दर तिमाहीस शासकीय राजपत्रात प्रसिद्ध होत. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील मराठी ग्रंथव्यवहाराबद्दल आज जे खात्रीने बोलता येते त्याचा मोठा भाग या तिमाही याद्यांवर उभा आहे.

या कायद्याचा उल्लेख सामान्यतः सत्तेच्या पाळतीचे साधन म्हणून होतो, आणि तो चुकीचा नाही. पण त्यातील एका तरतुदीकडे पुरेसे लक्ष गेलेले नाही. दोन रुपये भरले असता तिमाही यादीतील नोंद ही १८४७ च्या स्वामित्वविषयक कायद्याखालील नोंद मानली जाई. म्हणजे ज्या नोंदीने सरकारला पाळत ठेवता येत होती त्याच नोंदीने प्रकाशकाला आपला हक्क शाबीत करता येत होता. सक्तीच्या पोटात एक मोबदला होता. १९१४ च्या कायद्याने स्वामित्वासाठी नोंदणीची गरजच उरली नाही आणि ही तरतूदही गेली. त्यानंतर प्रकाशकाच्या बाजूने नोंद ही केवळ एक कटकट उरली.

स्वातंत्र्यानंतर १९५४ चा ग्रंथप्रदान कायदा आला. प्रकाशनानंतर तीस दिवसांच्या आत ग्रंथाची एक प्रत स्वखर्चाने कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयास, व प्रत्येकी एक प्रत अन्य तीन सार्वजनिक ग्रंथालयांस पाठवणे प्रकाशकावर बंधनकारक झाले. मुंबईत एशियाटिक सोसायटीच्या टाउन हॉलमधील मध्यवर्ती ग्रंथालय हे त्यांपैकी एक. कायदा मोडल्यास दंड पन्नास रुपयांपर्यंत आणि शिवाय ग्रंथाच्या किमतीइतका. चार प्रती, बांधणी आणि टपालखर्च यांचा हिशेब करणाऱ्या प्रकाशकाला कायदा पाळण्यापेक्षा मोडणे स्वस्त पडते, हे समजायला अर्थशास्त्राची पदवी नको. पाठवलेल्या प्रतीबद्दल त्याच्या पदरात काय पडते? भारतीय राष्ट्रीय ग्रंथसूचीत एक नोंद. ही सूची १९५८ पासून निघू लागली आणि तिचे राष्ट्रीय महत्त्व वादातीत आहे. परंतु सर्व भारतीय भाषांतील ग्रंथ एकत्र आणण्यासाठी तिने रोमन लिपी स्वीकारली. ‘ळ’ आणि ‘ल’ यांतील भेद अक्षराखालच्या एका टिंबावर सोपवणारी नोंद पाहून मराठी पुस्तक मागवणारा ग्राहक आढळणे कठीण. प्रकाशकाने प्रत पाठवली नाही म्हणून त्याला दोष देणे सोपे आहे. त्या नोंदीने त्याचे एक पुस्तक तरी विकले गेले का, हा प्रश्न विचारला गेलेला नाही.

१८६७ चा कायदा रद्द करून २०२३ मध्ये नवा कायदा करण्यात आला, आणि त्याच्या कक्षेतून ग्रंथ वगळले गेले. तो केवळ नियतकालिकांपुरता आहे. अशा रीतीने दीडशे वर्षांची ती नोंदपरंपरा औपचारिकरीत्याही संपली.

या सक्तीच्या आणि अनास्थेच्या मधल्या पोकळीत शंकर गणेश दाते यांचे काम उभे आहे. ‘मराठी ग्रंथसूची’चा १८०० ते १९३७ या कालखंडाचा खंड १९४३ मध्ये आणि १९३८ ते १९५० या कालखंडाचा खंड १९६१ मध्ये प्रसिद्ध झाला. दात्यांच्या सूचीचा गौरव मराठीत पुष्कळ झाला आहे. पण गौरव करताना एक गोष्ट नजरेआड होते. जी माहिती प्रकाशनाच्या दिवशी प्रकाशकाच्या टेबलावर तयार होती, ती पुढे अनेक दशकांनी एका माणसाने ग्रंथालये धुंडाळून पुन्हा गोळा केली. अशा तपश्चर्येची गरज पडावी, हेच व्यवस्थेच्या अपयशाचे मोजमाप आहे.

२. प्रकाशक माहिती कोठे देतो

मराठी प्रकाशक माहिती देण्यास नाखूश असतो, असा यावरून निष्कर्ष काढणे मात्र अन्यायाचे होईल. केशवराव कोठावळे यांनी १९६४ मध्ये ‘ललित’ मासिक सुरू केले. त्याच्या पानांतून मराठी प्रकाशकांनी आपल्या नव्या पुस्तकांची नावे, लेखक आणि किमती वाचकांपर्यंत पोचवल्या, आणि जाहिरातीच्या जागेसाठी पैसे मोजून पोचवल्या. राष्ट्रीय ग्रंथालयाला एक प्रत पाठवण्याचे टाळणारा प्रकाशक तीच माहिती मासिकाला पैसे देऊन छापायला देतो, यात विसंगती नाही. एका ठिकाणी वाचक आहे, दुसऱ्या ठिकाणी फक्त नियम आहे.

दुसरे उदाहरण शासनमान्य ग्रंथांच्या यादीचे. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम १९६७ चा. अनुदानपात्र ग्रंथालयांच्या खरेदीशी या यादीचा संबंध असल्यामुळे प्रकाशक तिच्यासाठी ग्रंथ आणि तपशील स्वतःहून सादर करतात. तिसरे उदाहरण अध्यापक वाचकांच्या अधिक जवळचे आहे. भारतात आयएसबीएन क्रमांक राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्थेकडून विनामूल्य मिळतो. तरी मराठीत कित्येक वर्षे अनेक लहान प्रकाशकांनी त्याची फिकीर केली नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१० च्या नियमावलीने अध्यापकांच्या पदोन्नतीसाठी गुणांची पद्धत आणली आणि ग्रंथावर हा क्रमांक असण्याला मोल आले. त्यानंतर तालुक्याच्या गावी छापलेल्या प्रबंधरूप पुस्तकाच्याही मलपृष्ठावर तेरा आकड्यांची पट्टी झळकू लागली. या पुस्तकांच्या गुणवत्तेविषयी येथे न बोललेले बरे. पण प्रेरणेचे शास्त्र समजून घ्यायचे तर याहून चांगले उदाहरण शोधायला नको. मागणी लेखकाकडून आली आणि प्रकाशक नमला.

आयएसबीएनचा जन्मही परोपकारातून झालेला नाही. १९६० च्या दशकात ब्रिटनमधील डब्ल्यू. एच. स्मिथ या पुस्तकविक्रेत्या कंपनीला आपले गोदाम संगणकाधिष्ठित करायचे होते. त्या गरजेतून, गॉर्डन फॉस्टर यांच्या योजनेनुसार, नऊ आकडी क्रमांक आला. १९७० मध्ये त्याला आंतरराष्ट्रीय मानकाचा दर्जा मिळाला. गोदामाच्या सोयीसाठी निघालेली गोष्ट सूचीशास्त्राच्या उपयोगी पडली.

३. परस्परबंधनाचा नमुना

प्रकाशकांनी एकमेकांच्या प्रकाशनांशी दुवे जोडावेत, तेही स्पर्धक असताना, हे घडल्याचे सर्वांत बोलके उदाहरण संशोधनपत्रिकांच्या क्षेत्रातील आहे. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस पत्रिका महाजालावर येऊ लागल्या तेव्हा प्रत्येक लेखाखालच्या संदर्भावर बोट ठेवताच तो मूळ लेख उघडावा अशी वाचकांची स्वाभाविक अपेक्षा होती. पण संदर्भ बहुधा दुसऱ्या प्रकाशकाच्या पत्रिकेतला असे. दोघादोघांनी करार करायचे म्हटले तर बारा प्रकाशकांना सहासष्ट करार लागतात, शंभर प्रकाशकांना चार हजार नऊशे पन्नास. म्हणून २००० मध्ये बारा प्रकाशकांनी मिळून क्रॉसरेफ ही ना-नफा संस्था काढली. प्रत्येक सभासदाने आपल्या लेखांचे कायम क्रमांक आणि वर्णन तिथे ठेवायचे, आणि आपल्या लेखांतील संदर्भांना इतरांचे क्रमांक जोडायचे. जो दुवे देतो त्याला दुवे मिळतात. बाहेर राहणाऱ्याच्या लेखाकडे कुणीच वळत नाही. येथे माहिती देणे म्हणजे दान नव्हते. तो वाटसरूंना आपल्या दुकानाकडे आणणारा रस्ता होता.

या प्रेरणेची मर्यादाही याच इतिहासात दिसते. लेखाचे नाव, लेखक, वर्ष ही माहिती सर्वांनी दिली, कारण तिने वाचक येतो. कोणता लेख कोणत्या लेखांचा आधार घेतो ही संदर्भांची यादी मात्र संस्थेकडे जमा होऊनही दीर्घकाळ बंद राहिली, कारण तिला बाजारभाव होता. उद्धरणांची विश्लेषणे विकता येतात. २०१७ मध्ये खुल्या उद्धरणांसाठी एक चळवळ उभी राहिली तेव्हा संदर्भ जमा केलेल्या लेखांपैकी केवळ एक टक्का लेखांचे संदर्भ खुले होते; अल्पावधीत ते प्रमाण चाळीस टक्क्यांवर गेले. एल्सेव्हिअर या बड्या प्रकाशकाने २०२० च्या अखेरीस आपला विरोध सोडला, आणि २०२२ पासून क्रॉसरेफकडील सर्व संदर्भ खुले झाले. हा बदल तंत्राने घडवला नाही. संशोधक, ग्रंथपाल आणि निधी देणाऱ्या संस्था यांच्या दबावाने माहिती दडवण्याची किंमत तिच्या लाभापेक्षा वाढवली.

उलट, नेचर पब्लिशिंग ग्रुपने २०१२ मध्ये केवळ दूरदृष्टीने एक प्रयोग केला. १८६९ पासूनच्या साडेचार लाखांहून अधिक लेखांची माहिती, दोन कोटींहून अधिक त्रिपदी विधानांच्या रूपात, कोणत्याही अटीविना खुली केली. तांत्रिकदृष्ट्या तो आदर्श होता, आणि तरी तो व्यासपीठ म्हणून टिकला नाही. त्याच्या अपयशाची कारणे अनेक असतील, परंतु एक उघड आहे. त्या विधानांतून ज्यांचा फायदा झाला ते प्रकाशकाला दिसत नव्हते, आणि देखभालीचा खर्च मात्र दर महिन्याला दिसत होता.

गूगल, बिंग आणि याहू यांनी २०११ मध्ये एकत्र येऊन काढलेली स्कीमा डॉट ऑर्ग ही शब्दावली याच्या दुसऱ्या टोकाला आहे. आपल्या पानावर ग्रंथनाम, लेखक, किंमत, उपलब्धता यांची यंत्रवाच्य खूण करणाऱ्या विक्रेत्याचे पान शोधफलितात अधिक ठळक दिसू शकते, हा तिचा मोबदला. तो तत्काळ आणि डोळ्यांना दिसणारा असल्यामुळे तिचा प्रसार झाला. पण तिच्या आधारे दिलेली माहिती बहुतेक वेळा एकाकी असते. ‘लेखक : खानोलकर’ एवढे लिहून दुकानदार थांबतो. हे खानोलकर म्हणजेच अमुक पत्त्यावरचे आरती प्रभू, हे सांगण्याची सोय शब्दावलीत आहे. ती वापरण्याचे कारण त्याच्याजवळ नाही. वाङ्मयाच्या अभ्यासकाला नेमके तेच हवे असते. विक्रीची प्रेरणा आणि संशोधनाची गरज यांच्या वाटा येथे फुटतात.

४. ‘श्यामची आई’ : दुव्याने कोणाचे नुकसान होते

दुवा सर्वांच्या हिताचा असतो असे गृहीत धरून या विषयावरचे बरेच लेखन होते. ते तपासून पाहण्यासाठी साने गुरुजींच्या ‘श्यामची आई’ (१९३५) एवढे चपखल उदाहरण मराठीत नाही. गुरुजींचे निधन ११ जून १९५० रोजी झाले. भारतीय कायद्यानुसार लेखकाच्या मृत्यूनंतरच्या साठ वर्षांची मुदत ३१ डिसेंबर २०१० रोजी संपली आणि हा ग्रंथ सर्वांना छापण्यास मोकळा झाला. आज त्याच्या अनेक प्रकाशकांच्या अनेक आवृत्त्या बाजारात आहेत.

सूचीशास्त्रात १९९८ पासून ‘कृती’ आणि तिच्या ‘आवृत्ती’ यांत स्पष्ट भेद केला जातो. संलग्न माहितीच्या रचनेत ‘श्यामची आई’ या कृतीला एक पत्ता असेल आणि तिच्याशी प्रत्येक आवृत्ती जोडलेली असेल. अभ्यासकाला ही मेजवानीच आहे. पाठभेद, प्रस्तावना, संक्षेप, अनुवाद आणि आचार्य अत्रे यांचा १९५३ चा चित्रपट, सारे एका ठिकाणी. परंतु आपली आवृत्ती या पत्त्याशी जोडणारा प्रकाशक ग्राहकाला दुसऱ्या नऊ आवृत्त्यांच्या दारात नेऊन सोडतो. ज्याची आवृत्ती सर्वांत स्वस्त किंवा सर्वांत साक्षेपी, त्यालाच दुव्यात रस. उरलेल्यांचे हित तो नसण्यात आहे. याउलट ज्या ग्रंथाचे हक्क एकाच प्रकाशकाकडे आहेत तिथे कृतीकडे येणारा प्रत्येक दुवा शेवटी त्याच्याच दुकानात पोचतो. ‘कोसला’चा इंग्रजी अनुवाद वाचून मूळ कादंबरीकडे येणारा वाचक मूळ प्रकाशकाचाच ग्राहक होतो.

यातून एक व्यावहारिक निष्कर्ष निघतो. आवृत्तीची माहिती प्रकाशकाने द्यावी, कृतीशी असलेला संबंध मात्र त्याने जोडावा अशी अपेक्षा करू नये. तो संबंध जोडणे हे तटस्थ संस्थेचे काम आहे, आणि मराठीत ती संस्था विद्यापीठांचे मराठी विभाग आणि मोठी ग्रंथसंग्रहालये यांखेरीज दुसरी कोणती असणार? शासनमान्य यादीसाठी ग्रंथ सादर करताना प्रकाशकाने त्याची नोंद देवनागरीत, ठरलेल्या यंत्रवाच्य रूपात आणि पुनर्वापराच्या मुक्त परवान्यासह द्यावी, एवढी एकच अट घातली तरी पुरे. नवा कायदा नको, नवा दंडही नको. प्रकाशक आज जे काम खरेदीच्या आशेने करतोच आहे त्याचे उत्पादन सार्वजनिक होईल. जोडणीची कारागिरी एम. ए.च्या सूचीविषयक प्रात्यक्षिकांत सहज बसते, आणि दात्यांचे दोन्ही खंड तिच्यासाठी तयार अभ्यासपुस्तक आहेत.

लेखकनामांच्या बाबतीत मात्र एक सावधगिरी आवश्यक आहे. ‘कळ्यांचे निःश्वास’ १९३३ मध्ये विभावरी शिरूरकर या नावाने आले तेव्हा त्या नावामागे कोण, यावरून मोठे वादळ उठले. बाळूताई खरे, विभावरी शिरूरकर आणि मालतीबाई बेडेकर ही तीन नावे आज निःशंकपणे एका पत्त्याखाली आणता येतात, कारण लेखिकेने स्वतःच ती ओळख मान्य केली. १९३३ मध्ये एखाद्या उत्साही सूचीकाराने, किंवा विक्री वाढवू पाहणाऱ्या प्रकाशकाने, तो दुवा जोडला असता तर तो अचूक असूनही अपराध ठरला असता. आजही जातीच्या किंवा घराच्या जाचामुळे टोपणनावाने लिहिणारे लेखक आहेत. तेव्हा ‘टोपणनाव आहे’ हे विधान लेखकाच्या संमतीने वा त्याच्या प्रसिद्ध कबुलीच्या आधारेच करावे, आणि विधानाबरोबर त्याचा आधारही नोंदवावा, हा दंडक विभागांनी आरंभीच घालून घेतला पाहिजे.

राहता राहिला १८६७ च्या नोंदीतील एक रकाना : छापलेल्या प्रतींची संख्या. वाचकवर्गाचा इतिहास लिहू पाहणाऱ्याला याहून मोलाचा तपशील नाही, आणि प्रकाशक स्वेच्छेने देईल अशी शक्यता याहून कमी असलेलाही तपशील नाही. लेखकाचे मानधन प्रतींच्या हिशेबावर ठरते, आणि ‘आवृत्ती’ हा शब्द पाचशे प्रतींसाठीही वापरता येतो, पाच हजारांसाठीही. शोधफलितातील ठळक जागा, परस्परांचे दुवे, शासनाची खरेदी, यांपैकी कोणताही मोबदला हा रकाना भरून घेऊ शकणार नाही. तो लेखकांच्याच करारात यावा लागेल, आणि त्यासाठी आग्रह धरण्याचे कारण फक्त लेखकांकडे आहे.